मागच्या काचेवरचं शेवाळ

मी पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. पाण्यात काय आहे आणि काय नाही, हे खरंखरं सांगण्याचा मला पगार मिळतो. तरी एकदा मी पाण्याबद्दल खोटं बोललो, वर सही ठोकली, आणि ते माझ्या साडूंच्या मुळावर आलं. त्यांच्याविषयी लिहायचं तर हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर चार पानं लिहिता लिहिता मी स्वतःलाच शहाणा ठरवून मोकळा होईन. माझी बायको म्हणते, माझा स्वभावच तसा आहे.

साडूंना मी नितळराव म्हणतो. तोंडावर नाही, बायकोशी बोलताना. उंची बेताची, खांदे थोडे पुढे आलेले, नखांच्या कडेला कायम पांढरी भुकटी. ते चष्म्याच्या काचा घासण्याच्या कारखान्यात आहेत. नंबराप्रमाणे काच घासायची, उजेडाकडे धरून बघायची, पुन्हा घासायची. जगाला स्पष्ट दिसावं म्हणून हा माणूस दिवसभर काचा घासतो आणि संध्याकाळी घरी येऊन सासऱ्याच्या फिशटँकची काच घासतो. नाव ठेवायला मला फार डोकं चालवावं लागलं नाही.

ते घरजावई कसे झाले, तेही सांगतो. सासूबाई गेल्या तेव्हा माझं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती आणि धाकटी मेव्हणी लग्नाची होती. सासरेबुवा वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. तीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांत जाऊन खोटी वजनं पकडली होती. बाराव्या दिवशी हॉलमध्ये सगळे बसलेले असताना ते म्हणाले, "आता मी एकटा कसा राहणार?" हे विचारताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. मग असं ठरलं, की धाकटीला असा मुलगा बघायचा जो इथे येऊन राहील.

असा मुलगा म्हणजे नितळराव. आईवडील लहानपणीच गेलेले, काकांच्या दारात वाढलेले, पुढे कारखान्यातल्या चौघांबरोबर एका खोलीत राहिलेले. त्या खोलीत कूस बदलायची तर शेजाऱ्याला विचारून बदलावी लागायची, असं ते सांगतात. लग्न ठरलं तेव्हा मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "विचार केलात ना? घरजावई म्हणजे..." ते हसून म्हणाले, "साडूभाऊ, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची खोली मिळतेय." ते हो म्हणत होते म्हणजे मी सुटत होतो.

जावई हा दहावा ग्रह, असं म्हणतात. बाकीचे नऊ फिरतात तरी. मुक्कामाला आलेल्या ग्रहाला कोण विचारतो? मी त्या घरी गेलो की आजही "या जावईबापू, बसा" होतं. नितळरावांनाही सुरुवातीला "तुम्ही" होतं. चारएक महिन्यांनी त्याचं "तू" झालं आणि वर्ष सरायच्या आत "अरे" झालं. "अरे, पंप बंद पडलाय." "अरे, खाली जाऊन पेपर आण." ते वाईट वाटून घेत नसत. मला मात्र ऐकताना कसंसंच व्हायचं, आणि माझं "तुम्ही" शाबूत आहे म्हणून बरंही वाटायचं.

आता त्या टाकीची जागा समजून घ्या, कारण सगळं रामायण जागेचं आहे. हॉल आणि मागची खोली यांच्या मधल्या भिंतीत पूर्वी एक रुंद खिडकी होती. मागची खोली नंतर वाढवलेली, त्यामुळे खिडकी घराच्या पोटात राहून गेली होती. लग्नानंतर मागची खोली धाकटीला आणि जावयाला दिली, तेव्हा सासरेबुवांनी त्या खिडकीत चार फुटांची टाकी बसवून घेतली. एक काच हॉलच्या बाजूला, दुसरी मागच्या खोलीच्या बाजूला, मध्ये पाणी आणि पाण्यात सहा गोल्डफिश. "दोन्ही खोल्यांची शोभा," असं ते आल्यागेल्याला सांगायचे. त्यांची खुर्ची टाकीच्या बरोबर समोर. खुर्चीत बसलं की मासे दिसत, आणि माशांमधून मागच्या खोलीतला पलंग दिसे.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. डोळा वाकडा नव्हता त्यांचा. आयुष्यभर तपासणी केलेल्या माणसाला समोर जे असेल ते बघत राहायची सवय लागते, एवढंच. मेव्हणीने पहिल्याच महिन्यात आतल्या बाजूने पडदा लावला, तर म्हणाले, "माशांना उजेड नको? आणि घरात पडदा कुणापासून?" पडदा निघाला. नितळरावांनी टाकीत दाट झाडं लावली, तर म्हणाले, "मासे मागे लपतात. मोजायचे कसे?" ते रोज सकाळी मासे मोजत. झाडंही निघाली. खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती, ती कधी बसलीच नाही.

नवराबायको कपडे बदलायला बाथरूममध्ये जात. बोलायचं झालं तर हळू बोलत. त्या खोलीत हॉलमधून न दिसणारी एकच जागा होती, टाकीच्या खाली भिंतीला लागून असलेली हातभर रुंदीची जमीन. दोघं तिथे भिंतीला पाठ टेकवून, पाय दुमडून बसत. चहा तिथे, वर्तमानपत्र तिथे, रुसवेफुगवे तिथे. मी एकदा आत गेलो आणि दोघांना असं फरशीवर बसलेलं पाहिलं तर गमतीने म्हटलं, "पलंगाला काय काटे आहेत?" मेव्हणी उठून निघून गेली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

वर त्याच सासरेबुवांनी माझ्या बायकोला विचारलं होतं, "धाकटीकडे अजून काही बातमी नाही?" माझ्या बायकोने मूग गिळले. मी तिच्या जागी असतो तर मला दोन शब्द सुनावावेसे वाटले असते, पण मी काय सुनावलं असतं ते पुढे दिसेलच.

लग्नाला सहा वर्षं झाली आणि त्या वर्षी मागच्या बाजूची जुनी इमारत पाडली. इतकी वर्षं तिची सावली या खोलीच्या बाहेरच्या खिडकीवर असायची. ती गेली आणि दुपारचं ऊन थेट आत येऊन टाकीच्या मागच्या काचेवर पडू लागलं. पंधरा दिवसांत त्या काचेवर हिरवी झाक आली. उजेड आणि माशांची घाण एकत्र आली की शेवाळ धरतंच, त्यात नवल काही नाही. नितळराव दर रविवारी दोन्ही काचा घासत. एका रविवारी त्यांनी पुढची घासली आणि मागची तशीच ठेवली.

हे मला नंतर मेव्हणीने सांगितलं. पुढच्या रविवारीही त्यांनी मागच्या काचेला हात लावला नाही. महिन्याभरात ती बाजू अशी हिरवीगार झाली की हॉलमधून मासे स्पष्ट दिसत, पण त्यांच्या मागे फक्त हिरवं. पलंग नाही, कपाट नाही, माणसं नाहीत. नितळराव कारखान्यात जाण्यापूर्वी खिडकीची दोन्ही दारं सताड उघडी ठेवू लागले, उन्हाने चुकूनही मागे राहू नये म्हणून. एका दुपारी आम्ही दोघं तिकडे गेलो होतो आणि मागच्या खोलीतून मेव्हणीच्या हसण्याचा आवाज आला. मोकळा, घरभर ऐकू येईल असा. माझी बायको माझ्याकडे बघत राहिली. लग्नाआधी ती अशी हसायची, म्हणाली.

सासरेबुवांनी काही दिवस कळ काढली. मग म्हणाले, "अरे, मागची काच खराब झालीय."

"शेवाळ आहे, बाबा. राहू द्या," नितळराव म्हणाले. "माशांना चांगलं असतं. ते टोचून खातात."

सहा वर्षांत त्यांनी सासऱ्याला दिलेला हा पहिला नकार. सासरेबुवांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "कुणी सांगितलं?"

"मी बघतो ना रोज."

"बघणं म्हणजे पुरावा नव्हे," सासरेबुवा म्हणाले. "शेवाळ ही घाण आहे. घाणीत मासे मरतात. आपण याचा पंचनामा करू."

कुणी हसेल, पण ते गंभीर होते. नोकरीत असताना एखाद्या दुकानाचा तराजू खोटा निघाला की दोन पंच बोलवायचे, त्यांच्यासमोर बघायचं, लिहायचं, सह्या घ्यायच्या. पंचांनी सही केली की विषय संपला. घरातही ते हेच करत. एकदा दुधाच्या मापावरून त्यांनी सासूबाईंच्या आणि मोलकरणीच्या सह्या घेतल्या होत्या. या वेळी पंच ठरले दोघं. खालच्या मजल्यावरचा शिंपी आणि पाण्याचा जाणकार म्हणून मी. रविवारी दुपारी चार वाजता.

मला निरोप आला तेव्हा मी मनातून खूश झालो. प्रश्न सोपा होता. काचेवर धरणारं साधं हिरवं शेवाळ माशांना काही करत नाही. उलट माशांच्या घाणीतून पाण्यात जे उतरतं ते शोषून घेतं, उजेडात प्राणवायू सोडतं. पाण्यातल्या झाडाचाच तो गरीब भाऊ. फार माजलं तर अंधारात तेच प्राणवायू ओढतं, आणि निळसर, घाण वासाची एक वेगळी बुळबुळीत जात असते ती विषारी निघू शकते, पण ते तळ्यांत, साचलेल्या पाण्यात. चार फुटांच्या टाकीत, पंप चालू असताना, काचेवर हिरवा थर आला तर बिघडलं कुठे? एका वाक्यात नितळरावांचं काम होणार होतं.

रविवारी सकाळी बायको माझे कपडे काढून ठेवत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबांचा फोन आला होता."

"काय म्हणतात?"

"म्हणतात, जावयाच्या शब्दावर घर चालणार असेल तर माझं तिथे काय काम. मी थोरलीकडे राहायला येतो."

आमच्या दोन खोल्या. एका खोलीत मुली अभ्यास करतात आणि झोपतात, दुसरीत आम्ही. बायको माझ्या शर्टाची घडी पुन्हा पुन्हा नीट करत होती. "तुम्ही खरं काय ते सांगा. मी नको म्हणत नाही," ती म्हणाली. "फक्त खरं सांगून झाल्यावर त्यांची खुर्ची कुठे ठेवायची, तेही सांगा."

मी त्या खुर्चीचा विचार केला. आमच्या घरात ती कुठेही ठेवली तरी माझ्यासमोरच येत होती. इकडे आड, तिकडे विहीर. वर्षानुवर्षं नितळराव ज्या विहिरीत होते तिच्या काठावरून मी त्यांना सल्ले देत आलो होतो, आणि आता कुणी माझ्या पाठीला हात लावला तर मी काठ घट्ट धरून बसलो होतो. मी भित्रा आहे, हे मला त्या सकाळी कळलं असं नाही. त्या सकाळी बायकोलाही कळलं.

चार वाजता आम्ही सगळे टाकीसमोर उभे राहिलो. शिंपी गळ्यात टेप अडकवूनच आला होता. "मला माशांतलं काय कळतं, साहेब?" तो म्हणाला.

"पंचाला कळावं लागत नाही," सासरेबुवा म्हणाले. "दिसावं लागतं. काच हिरवी दिसते ना?"

"दिसते."

"मग झालं."

मी प्रयोगशाळेतून बाटल्या नेल्या होत्या. पाणी घेतलं, थेंब टाकले, रंग बघितले. पाणी ठणठणीत होतं. आमच्या नळाला येतं त्याहून बरं म्हटलं तरी चालेल. सहाही मासे गुबगुबीत, एक तर मागच्या काचेशी तोंड लावून शेवाळ टोचत होता. ते सगळ्यांना दिसत होतं, पण पंचनाम्यात पंचाला विचारतात, माशाला नाही. टाकीपलीकडे, त्या हिरव्याच्या मागे, नितळराव आणि मेव्हणी होती. मला ती दिसत नव्हती. ती तिथे आहेत एवढं माहीत होतं.

सासरेबुवांनी कागद पुढे ओढला. "हं, जावईबापू. शेवाळ माशांना घातक आहे की नाही?"

मी खोकलो. "तसं बघितलं तर... आमच्याकडे मोठ्या तलावात एकदा शेवाळ माजलं होतं. रातोरात मासे उलटे झाले. तर शेवाळ घातक ठरू शकतं."

मी जे बोललो त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. फक्त तो तलाव होता, ती जात वेगळी होती, आणि हे मी सांगितलं नाही. सासरेबुवांनी लिहिलं, "शेवाळ माशांना घातक आहे." माझं "ठरू शकतं" कागदावर आलंच नाही. मला दिसत होतं. पेन हातात आलं तेव्हा मी ते घालू शकलो असतो.

नितळराव आतून दारात आले होते. हात पुसत म्हणाले, "नक्की का, साडूभाऊ?"

"शास्त्र तसंच सांगतं," मी म्हणालो आणि सही केली. शिंप्याने माझ्याखाली केली.

"घास," सासरेबुवा म्हणाले.

नितळरावांनी बाह्या वर केल्या, आत जाऊन टाकीचं झाकण उघडलं आणि जुनं ब्लेड घेऊन मागची काच खरवडायला लागले. आम्ही हॉलमधून बघत होतो. हिरव्या पट्ट्या सुटून पाण्यात फिरू लागल्या. आधी त्यांचा हात दिसला, मग छाती, मग पलंगाचा कोपरा, उशीचा अभ्रा, दोरीवरचा टॉवेल. मेव्हणी पलंगावर बसलेली होती. काच तिच्यापर्यंत साफ होत आली तशी ती उठली आणि खाली बसली, त्या हातभर जागेत. मग आम्हाला ती दिसली नाही. सासरेबुवा म्हणाले, "आता कसं नितळ वाटतंय." शिंपी कधी निघून गेला ते मला कळलं नाही.

गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. घाण मुळासकट जावी म्हणून सासरेबुवांनी दुसऱ्या दिवशी सगळं पाणी काढायला लावलं, फिल्टर साबणाने धुवायला लावला आणि नळाचं ताजं पाणी भरायला लावलं. टाकीचं पाणी मुरावं लागतं. मुरलेल्या पाण्यात आणि न धुतलेल्या फिल्टरमध्ये जे बारीक जीव असतात, त्यांच्या जिवावर मासे जगतात. चार दिवसांत दोन मासे उलटे झाले. सासरेबुवा मला फोनवर म्हणाले, "बघा, जावईबापू, शेवाळ अंगात भिनलं होतं." मी हो म्हणालो. एकदा सही केली की पुढची हो फुकट मिळतात.

ती दोघं पुन्हा फरशीवर बसू लागली. मी मात्र त्या घरी जाणं कमी केलं. बायको विचारायची तर कामाचं कारण सांगायचो. सासरेबुवा आमच्याकडे राहायला आले नाहीत, सुंठीवाचून खोकला गेला होता. रोज माझ्या खोलीत, माझ्या पलंगावर पाय पसरून पडलो की मला ती हातभर जमीन आठवायची. बाहेरून माझं काहीच बिघडलं नव्हतं आणि सुटलो असं एक दिवसही वाटलं नाही.

पाच वर्षं गेली. नितळराव कारखान्यात मुकादम झाले. केस विरळ झाले, खांदे आणखी पुढे आले. मूल झालं नाही आणि सासरेबुवांनीही विचारायचं सोडलं. मग एके दिवशी त्यांनी तक्रार सुरू केली. "अरे, काच घासली नाहीस?"

"घासली, बाबा."

"मग ही धुरकट कशी?"

नितळराव पुन्हा घासत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दर रविवारचं काम रोजचं झालं. आम्ही गेलो तेव्हा मी टाकीजवळ जाऊन बघितलं. काच स्वच्छ होती, मला पलंगावरच्या चादरीची फुलं मोजता येत होती. सासरेबुवा खुर्चीत बसून मान पुढे काढत होते. मासे मोजताना चारचे कधी तीन होत, कधी सात. माझ्या ध्यानात यायला दोन भेटी लागल्या. नितळरावांच्या पहिल्याच आठवड्यात आलं असणार. त्यांचा धंदाच डोळ्यांचा. मोतीबिंदू.

त्या दिवशी परतताना बायको म्हणाली, "धाकटी आज पलंगावर बसून केस विंचरत होती." मग म्हणाली, "मला म्हणाली, ताई, बाबांना आता काही दिसत नाही. बोलताना तिला हसूही येत होतं आणि लाजही वाटत होती. बापाचे डोळे जातायत आणि मला बरं वाटतंय, म्हणाली, मी कसली मुलगी."

मी म्हणालो, "कुणी काही बोलू नका. होईल तसं होऊ दे." या वेळी माझा काही फायदा नव्हता, तरी हेच सुचलं. देवाने आपणहून पडदा लावून दिला असेल तर आपण तो कशाला काढायचा? वाटलं, माझी चूक परस्पर फिटतेय.

तीन महिने ते सुख टिकलं. चौथ्या महिन्यात सासरेबुवांनी नितळरावांना समोर बसवलं. आम्ही दोघं तिथेच होतो. म्हातारा बराच वेळ हाताची बोटं एकमेकांत अडकवून बसला होता. इतरांची वजनं तपासण्यात ज्याची हयात गेली, त्याला स्वतःच्या पारड्याविषयी विचारणं जड जात होतं.

"तुम्हाला चष्म्यातलं कळतं," ते जावयाला म्हणाले. दहा-अकरा वर्षांनी पुन्हा "तुम्ही" निघालं. "खरं सांगा. काच खराब आहे, की माझे डोळे?"

मेव्हणी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने नवऱ्याकडे बघितलं. मीही बघितलं. काच खराब आहे, रोज शेवाळ धरतंय, एवढं म्हटलं की झालं असतं. मी तर मनात वाक्यही तयार केलं होतं, आणि ऐनवेळी त्यांनी माझ्याकडे बघितलं असतं तर मान हलवलीही असती.

"डोळे," नितळराव म्हणाले.

पुढच्या आठवड्यात त्यांनीच डॉक्टर गाठला. रजा टाकून दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं करून घेतली, औषधाचे थेंब घातले, पट्ट्या बदलल्या, हात धरून फिरवलं. महिन्याभरात म्हातारा पेपर वाचायला लागला. खुर्चीत बसून एका दमात चार मासे मोजले, दुसऱ्यांदा मोजले, पुन्हा चारच. मग टाकीतून पलीकडे बघत म्हणाले, "अरे, तुझ्या खोलीतल्या पंख्यावर किती धूळ बसलीय." "तुम्ही" गरजेपुरतंच टिकलं होतं.

त्या रविवारी मी मागच्या खोलीत गेलो. नितळराव टाकीखाली फरशीवर बसून चहा पीत होते. मेव्हणी माझ्या बायकोबरोबर बाहेर गेली होती. मी त्यांच्या शेजारी बसलो. भिंत पाठीला गार लागत होती, डोक्यावर पंपाची घरघर चालू होती. या जागेत मी पहिल्यांदाच बसत होतो. गुडघे छातीशी घेतल्याशिवाय तिथे बसताच येत नाही.

"तुम्ही बोलला नसतात तर कुणाचं काय अडलं असतं?" मी हळू आवाजात विचारलं. तिथे आवाज आपोआप हळू होतो. "वर्षभर तरी मोकळे राहिला असतात. त्यांचं वय झालंय. थोडं धुरकट दिसलं तर बिघडलं कुठे?"

"धुरकट नसतं राहिलं. आंधळे झाले असते."

"तरी. निदान थोडं थांबायचं."

त्यांनी कप खाली ठेवला. "त्यांनी मला विचारलं, साडूभाऊ. ज्याला कळतं त्यालाच माणूस विचारतो. त्याने फिरवून सांगितलं तर विचारणाऱ्याने जायचं कुठे?"

ते शांतपणे बोलत होते, टोमणा मारायची त्यांची रीत नाही. तरी माझ्या कानशिलांशी गरम झालं. मी म्हणालो, "शेवाळाचं तुम्हाला माहीत होतं?"

"आधीपासून. मासे रोज तेच खात होते."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत? मी सही करत होतो तेव्हा?"

"माझा शब्द या घरात चालत असता तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?" ते म्हणाले. "मला वाटलं, तुमची काहीतरी अडचण असेल."

मला रडू आलं असं मी म्हणणार नाही, कारण मी आधीच एकदा खोटं लिहिलं आहे. पाच वर्षं त्यांनी मला घरात घेतलं होतं, चहा दिला होता, माझ्या मुलींच्या चष्म्याच्या काचा स्वतःच्या हाताने घासून दिल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी त्यांना माहीत होतं. मी त्यांना म्हणणार होतो, की आत्ता बाहेर जातो, बाबांना सांगतो, तो कागद फाडायला लावतो. तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात वरून, काचेपलीकडून आवाज आला. "अरे, कुठे आहेस? दिसत नाहीस."

नितळरावांनी माझ्या गुडघ्यावर हात टेकून स्वतःला उठवलं, आणि काचेसमोर दिसतील असे जाऊन उभे राहिले.